माझ्या नावाचं रक्त

३ जुलै
जुनी कावीळ-बी आहे म्हणून डॉक्टरांचं नवं फर्मान. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी. एएफपी म्हणजे रक्तातला मार्कर. दहाच्या आत हवा. फार वाढला तर लिव्हरचा कॅन्सर असू शकतो, लगेच स्कॅन. अमिषाने, म्हणजे लेकीने, उद्या लॅबचा माणूस ऑफिसात बोलावलाय. आकडा वाढला तर बायको विनिता घरात बाटली ठेवू देणार नाही. पाच ट्रक स्वतःच्या हिमतीवर उभे केलेला माणूस सुईला घाबरत नाही. फक्त तयारी करतो.

४ जुलै, सकाळी ८
आरटीओ पासिंगच्या दिवशी जुन्या गाडीला चांगल्या गाडीचे टायर लावतात, पास झाली की काढतात. तेच केलं. ड्रायव्हर धर्माजीला माझ्या खुर्चीत बसवला. दारू नाही, तंबाखू नाही, गोणी एका हाताने उचलतो. लॅबवाल्याने विचारलं, चांगदेवशेठ कोण? धर्माजी म्हणाला, मीच हाय. वर म्हणतो, बेतानं काढ रं, शेठचं रगत महाग हाय! पोट धरून हसलो.

५ जुलै
रिपोर्ट माझ्या मोबाईलवर. ८६०. लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोनही आला. काका, घाबरू नका, पण स्कॅन याच आठवड्यात करा. मी कशाला घाबरू? मी त्यात नाहीच.
धर्माजी विचारायला आला, पास का शेठ? पास म्हटलं. निघून गेलं तोंडातून. उद्या सांगतो.

७ जुलै
दुसऱ्या लॅबमध्ये माझं रक्त दिलं. ४! अमिषाला पाठवला. उगाच टायर बदलले.

९ जुलै
आज सांगणारच होतो. पण थळच्या कारखान्यातून खताच्या रोज दोन फेऱ्या, आणि दिपेश ड्रायव्हर सुट्टीवर. ऑर्डर संपू दे. शिवाय डॉक्टर काय म्हणाले? 'असू शकतो.' नसूही शकतो. आणि सांगायचं तर रक्त बदललेलं विनिताला कळणार. नसता ताप.

२४ जुलै
माझे कान तिखट. खिडकीबाहेर धर्माजी फोनवर. बायको, सोनाबाई, दवाखान्यात जा म्हणून ओरडत होती. पोट फुगतंय ना तुमचं? हा म्हणतो, अगो, शेठच्या नावावर तपासणी झालीय, पास हाय, आता कशाला? माझ्या ड्रॉवरमधल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट देऊन टाकलं. असा मालक मिळत नाही.

१८ ऑगस्ट
धर्माजीचे डोळे पिवळे दिसतात. माझा गॉगल दिला. खूश झाला.

२९ ऑगस्ट, अलिबाग
धर्माजी ॲडमिट. बघायला गेलो, सफरचंदं नेली. डॉक्टर सोनाबाईला सांगत होते, गाठ पसरली आहे, आता ऑपरेशन नाही. दोन महिन्यांपूर्वी आला असता तर बघता आलं असतं.
सोनाबाई म्हणाली, तवा तं काय नव्हता, डॉक्टर. रगत तपासलेला, पास व्हता. माझ्याकडे वळून म्हणाली, शेठ हायत साक्षीला. शेठ, दाखवा ना यांना.
डॉक्टरांनी हात पुढे केला.
मी खिसे चाचपत राहिलो. मोबाईल माझ्या हातातच होता.