उन्हातल्या चपला

आई, आज तुझ्या अंगणवाडीत पोरांनी मला आत घेतलं नाही. नाकातला शेंबूड पुसता न येणारी पोरं! दुपारपासून गाडीत लक्ष नाही, टेम्पोचा गिअर नीट पडत नाही, म्हणून रस्त्याच्या कडेला गाडी लावून कांद्याच्या गोण्यांना टेकून हे लिहितोय. तू असतीस तर हसली असतीस. किंवा नसतीसही. आज मला कुणाचंच काही सांगता येत नाही.

तुला मुळापासून सांगावं लागेल, कारण तू गेलीस तेव्हा मी तिसरीत होतो. कॉलेज मी मधेच सोडलं. नगरला दुसऱ्या वर्षाला एका सरांशी भांडलो आणि परत पायच ठेवला नाही. आता काष्टीच्या बाजारातून कांदा भरून टेम्पो चालवतो. आणि तुझ्या त्या खोलीत, तुझ्याच फळ्यापुढे, आता ती शिकवते. तुला आठवेल ती, तुझ्याच अंगणवाडीत होती. खिचडीतले वाटाणे वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावायची, आणि तू तिला कधी रागावली नाहीस. पोरं तिला ताई म्हणतात. माझा तिच्यावर जीव आहे. तिचा माझ्यावर आहे का, हे मी तिला कधीपासून विचारतोय. माझं विचारणं म्हणजे दारात टेम्पो उभा करायचा, हॉर्न दाबायचा, आणि ती बाहेर आली की उशीर का केला म्हणून तिच्यावरच चिडायचं.

तुझी चपलांची रीत तिनं जशीच्या तशी ठेवली आहे. गोष्टीआधी खेळ घ्यायचा का, आज निजायचं का, हे तू रोज पोरांना विचारायचीस. हात वर करा म्हटलं की पोरं शेजारच्याचं बघून हात वर करतात, म्हणून तू एकेकाला दारात पाठवायचीस, एक चप्पल ठेवायला. पत्र्याच्या सावलीत ठेवली तर होय, उन्हात ठेवली तर नाही. एखादं पोर अनवाणी आलेलं असलं तर तू तुझ्या पायातली एक काढून त्याच्या हातात द्यायचीस. बायका म्हणायच्या, "बाई, पोरास्नी काय इचारायचं?" तू म्हणायचीस, "जेवायचं त्यांनी, निजायचं त्यांनी, मग इचारू कुणाला, सरपंचाला?" एकदा मला गोष्ट हवी होती आणि सगळ्या चपला खेळाच्या बाजूनं पडल्या. मी त्या ढिगाला लाथ मारली. तू मारलं नाहीस. माझ्याकडून सगळ्यांच्या चपला जोडीनं लावून घेतल्यास आणि म्हणालीस, "माझं पोरगं म्हणून तुझ्या दोन धरू व्हय?" रात्री चुलीपुढे मात्र मला विचारलंस, पिठलं करू की आमटी. मी रुसून काहीच बोललो नाही, तर तू तव्यावर कोरडी भाकरी टाकलीस आणि तीच वाढलीस.

आज चहाच्या टपरीवर कळलं, रविवारी तिला बघायला कोपरगावचं स्थळ येतंय. माझं डोकंच सटकलं. भरला टेम्पो तसाच दारात नेला. पोरं जेवत होती. मी बाहेरूनच ओरडलो, "बाहेर ये! बोलायचंय!"

"पोरं जेवत्यात."

"मग मी आत येतो."

ती दारात आडवी उभी. आवाज अजिबात चढलेला नाही. "खोली माझ्या एकटीची न्हाई. त्यांना इचारते."

"इचार की," मी म्हणालो. "माझ्या आईची खोली हाय ही." मला खात्री होती गं. येताना मी नेहमी लिमलेटच्या गोळ्या आणतो, पोरं मला गोळ्यावाले मामा म्हणतात. माझ्या विरोधात कोण जाणार?

खरकटे हात चड्डीला पुसत एकेक पोर येतंय आणि चप्पल उन्हात ठेवतंय. पहिल्याला मी हसलो. मग हसू गेलं. मग मी प्रत्येकाच्या हाताकडे बघत राहिलो, आणि सावलीतली फरशी मोकळीच. शेवटी एक अनवाणी पोरगी आली, तिच्या हातात मोठी बायकी चप्पल, तुटलेला अंगठा दोऱ्यानं शिवलेली. ताईची. तीही उन्हात गेली.

"ही तुझी चप्पल हाय," मी म्हणालो.

"चप्पल माझी. मत तिचं."

मी त्या पोरीपुढे उकिडवा बसलो. "का गं बाय? गोळ्या आवडत न्हाईत?"

"आवडत्यात," ती म्हणाली. "पण तुमी लई वरडता. तुमी गेल्यावर ताई भिताडाकडं तोंड करून रडती. मंग आमची गोष्ट ऱ्हाती."

आई, मला हे ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, मी हॉर्न दाबतो तेव्हा तिच्या काळजात काहीतरी गोड होत असेल. मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती, एक पाय अनवाणी, एक पाय चपलेत.

"आणि तुझं मत?" मी विचारलं.

"माझी एकच उरलीय, ती पायात हाय," ती म्हणाली. "रविवारचं मी ठरवीन. कोपरगाववाल्यांनी न्हाई, तूबी न्हाई." मग पोरांकडे वळून म्हणाली, "चला, भात निवतोय." आणि आत गेली. दार लावलं नाही तिनं. उघडंच होतं, तरी मला उंबरा ओलांडता आला नाही.

रविवारी ती काय म्हणेल मला माहीत नाही. हॉर्न आता दाबणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे. हा कागद तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून एक सांगतो. दार मोकळं होतं, कुणी बघत नव्हतं. मी माझी एक चप्पल काढली आणि त्या बारक्या चपलांच्या शेजारी, उन्हात ठेवली. ती अजून तिथंच असेल.