सामार्जिएवच्या दारावरचं पहिलं नाव

मी दोब्रिन वेलेव सामार्जिएव, व्यवसायाने नट, राहणार स्लिवेन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. वय झालं, एवढाच काय तो आजार.

एक. मी नायक कधीच झालो नाही. नाटका-चित्रपटांत सावकार, खबऱ्या, तुरुंगाधिकारी अशा भूमिका केल्या. नायक बोलत असताना मी जेवायचो. दिग्दर्शक वैतागायचे, पण जेवणाऱ्या माणसावरून प्रेक्षकांची नजर हलत नाही. खबऱ्याचं काम पाहून बाजारातल्या बाईने मला मिरच्या विकायला नकार दिला. "त्या पोरांना पकडून दिलंस आणि वर वांग्याचं भरीत चापलंस," म्हणाली. मी टोपी काढून तिला नमस्कार केला. राजधानीतलं कुठलंही पदक त्या नकाराच्या तोडीचं नव्हतं. पदकं नाट्यगृहाला द्यावीत. खोट्या मिशा आणि रंगांची पेटीही.

दोन. राहतं घर, अंगण आणि अंगणातली द्राक्षवेल मी नेवेनाला देतो. नेवेना ही माझी दिवंगत पत्नी झ्द्राव्का हिची पहिल्या लग्नाची मुलगी. वकीलबाईंनी समजावलं की कायद्याने तिचं-माझं काही नातं नाही; हा कागद नसेल तर घर माझा भाऊ स्तामेन याच्याकडे जाईल. म्हणून हा कागद.

झ्द्राव्का गेल्यावर चाळीसाव्या दिवशीच्या विधीला स्तामेन आला होता. विधीचा उकडलेला गहू खाता खाता म्हणाला, "दादा, तू बाप झालास तो पडद्यावर. त्याचे तुला पैसे मिळायचे."

मी म्हणालो, "इथे फुकट झालो. म्हणून तर खरा."

तो खबऱ्याचा चित्रपट लागला तेव्हा नेवेना शाळेत होती आणि मला काका म्हणायची. वर्गातल्या एका मुलाने तिच्या डब्यावर थुंकून तिला खबऱ्याची पोरगी म्हटलं. खबऱ्या तिचा कोणी लागत नाही, एवढं सांगून ती सुटली असती. तिने त्याचा दात पाडला. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर ती म्हणाली, "तो माझ्या बाबांना बोलला."

परतताना मी तिला दोन आइस्क्रीम घेऊन दिली. शिक्षा काही केली नाही.

तीन. वडिलांचं राकिया, म्हणजे फळांची दारू, गाळायचं तांब्याचं भांडं स्तामेनला. त्याची राकिया माझ्यापेक्षा चांगली होते, हे इथे लेखी मान्य करतो. घराबाबत त्याने कोर्टात जाऊ नये. गेलाच, तर हरेल.

चार. माझ्या निधनाचा कागद रिवाजाप्रमाणे दारावर, बसथांब्यावर आणि नाट्यगृहाच्या भिंतीवर चिकटवावा. फोटो तोंडात घास असलेला असावा. फोटोखाली छापायच्या शोकाकुलांच्या नावांवरून इथे घरं फुटतात, म्हणून क्रम मीच ठरवून देतो. पहिली ओळ: मुलगी नेवेना. दुसरी: भाऊ स्तामेन. 'सावत्र' हा शब्द छापखान्याने वापरू नये.

हे नेवेनाला काल वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, फोटो दुसरा घ्या, लोक हसतील."

हसू देत. दारासमोर थांबतील, फोटो पाहतील आणि मग खालचं नाव वाचतील.

साक्षीदार: ग्रोझ्दान मिनेव, रंगमंच व्यवस्थापक (निवृत्त)
साक्षीदार: पाराश्केवा दोनेवा, शेजारीण

सही: दो. वे. सामार्जिएव
स्लिवेन, १२ मार्च २००९