छपराखाली गॅरेज होत नाही

६ जानेवारी, सोमवार

आज सकाळी बाबांनी घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत चुन्याची फक्की ओढली आणि त्या क्षणी सगळं बदललं. माझं तरी. ती पांढरी रेघ सरळ माझ्या खिडकीखालून गेली आहे. अगदी खालून!

"काय आहे हे?" मी विचारलं.

"गॅरेज," बाबा म्हणाले आणि फक्कीचा डबा घेऊन पुढे सरकले.

संपलं. इतरांच्या बापांना तोंड असतं, आमच्याकडे इंडिकेटर आहे. एकदा लुकलुकला की आपण समजायचं, वळणार.

म्हणजे आता गाडीला चार भिंती, स्लॅब आणि दार. आणि माझ्या खिडकीच्या तोंडावर विटा. आई भांडी घासता घासता म्हणाली, "सवतीला स्वतंत्र खोली. मी ओट्याजवळ एक फळी मागतेय, ती काही झाली नाही."

आई गाडीला सवत म्हणते, ते खोटं नाही. साहेबांची गाडी बाबांनी जन्मभर चालवली. ऑफिसने मोडीत काढली तेव्हा लिलावात उभं राहून यांनीच घेतली. फिकट बदामी, लांब नाकाची. रोज पुसतात. मागच्या सीटवर मात्र कुणी बसायचं नाही, तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. तिथे मी बसणार होतो म्हणे, इंजिनियर होऊन. आता मी कॉलेजच सोडलंय. ते प्लॅस्टिक कुणासाठी राखलंय ते त्यांनाच ठाऊक.

७ जानेवारी

खरं कारण इथेच लिहितो. घरात बोलायची सोय नाही.

माझ्या खिडकीतून शेजारच्या घराची गच्ची दिसते. तिची गच्ची. ती संध्याकाळी पुस्तक घेऊन येरझारा घालते, ओठ हलत असतात. वळताना वेणी पुढे घेते. परवा तिने हात वर केला. मला केला. कदाचित डास असेल. पण मी माझ्या बाजूने मला केला असंच धरलंय.

आम्ही एकाच वर्गात होतो. प्रॅक्टिकलला सर मला म्हणाले, "तू गॅरेजातच शोभशील." वर्ग हसला. मी जर्नल टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो तो पडलोच. घरी येऊन बाबांनाही काय काय बोललो, आता आठवतही नाही. तेव्हापासून तिला बघायची एकच जागा उरली आहे आणि नेमकी तिथेच बाबा भिंत घालतायत. गाडीसाठी! पोटचा पोर एका पारड्यात आणि पत्रा दुसऱ्यात. पारडं कुठे झुकलं ते दिसतंच आहे.

८ जानेवारी

आज भांडलो. पण डोक्याने भांडलो, नीट मुद्दे काढून.

म्हटलं, भिंती कशाला? छप्पर करा. चार लोखंडी खांब, वर पत्रा, काम खलास. बंद खोलीत दमट हवा कोंडते, चासी खालून गंजते. वारा खेळता राहिला तर गाडी टिकते. शिवाय काढाघालायला सोपं. शिवाय घरात उजेड राहतो. (हा शिवाय जरा घाईत आला.)

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पाणी प्यायले. म्हणाले, "छपराखाली गॅरेज होत नाही."

"पण गाडीला छप्पर पुरेसं आहे ना?"

"गाडीला पुरेसं आहे."

"मग?"

"हत्यारं भिजतात."

हत्यारं म्हणे. एक जॅक आणि चार पाने, त्यांच्यासाठी माझा उजेड बंद. मी ताट सरकवून उठलो. आई मागून म्हणाली, "ताटावर राग नको काढूस, ते कॉलेजात नव्हतं."

११ जानेवारी

वायरमन आला होता. थ्री फेज लाइन मागवली आहे. गाडीला काय गिरणी लावून देणार आहेत?

१३ जानेवारी, सोमवार

जोतं झालं. दुपारपर्यंत विटांचे तीन थर खिडकीखाली आले. गवंडीकाका ओळंबा सोडून, एक डोळा मिटून बघत होते, शीळ घालत. ती शीळ डोक्यात गेली. ते जेवायला गेले आणि मी गेलो आणि लाथ घातली. विटांमधला माल ओला होता. आख्खा वरचा थर आडवा. मग दुसरा. पायाचं नख गेलं, तरी थांबलो नाही.

आई दारात आली. ओरडली नाही. "सवतीचं पाडलंस, आता माझं स्वयंपाकघरही पाडून टाक, म्हणजे आम्ही दोघी एका रांगेत येऊ," म्हणाली आणि हळद आणून माझ्या पायावर दाबली. जोरात दाबली.

बाबा संध्याकाळी आले. बघितलं. मला वाटलं, आता तरी फुटतील. हवं होतं मला, एक सणसणीत शिवी तरी. त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला, खाली बसले आणि एकेक वीट खरवडून ढिगावर लावत राहिले. अंधार पडेपर्यंत. मी खोलीत बसून तो खर्र खर्र आवाज ऐकत होतो. असा राग मला जन्मात आला नव्हता. हा माणूस भांडतसुद्धा नाही!

१७ जानेवारी

ती भेटली. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर. म्हणजे मी समोरून लंगडत आलो आणि तिला बाजूला व्हायला जागा नव्हती.

"पायाला काय?"

"वीट."

"तुमच्याकडे बांधकाम चाललंय ना. तुझी खिडकी जाणार म्हणे."

मी म्हटलं, हो, आमच्या बाबांचं डोकं फिरलंय.

"बरं झालं," ती म्हणाली.

मला वाटलं, चुकीचं ऐकलं.

"गच्चीवर अभ्यास होत नाही माझा. सतत कुणी तरी बघतंय असं वाटतं. कुणी तरी म्हणजे तूच. मी काय टीव्ही आहे?"

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. ती कागद पिशवीत घालत म्हणाली, "सर बोलले त्या दिवशी मी हसले नव्हते. तू थांबलास कुठे बघायला? तेव्हा बघायचं सोडून आता बघत बसलायस." आणि चार पावलं गेल्यावर वळून, "बोलायचं असेल तर आमच्या दाराला बेल आहे."

घरी येऊन खिडकी आपटून लावली. काचेला तडा गेला. मरू दे. नाही तरी जायचीच आहे.

१८ जानेवारी

बेल आहे म्हणे. बेल वाजवून सांगू काय? कोण म्हणून उभा राहू? तिचे वडील विचारणार, "काय करतोस?" शेजाऱ्यांच्या स्कूटरी अंगणात बसून फुकट दुरुस्त करतो, काका. आणि खिडकीत बसतो.

१९ जानेवारी

आज गॅरेजच्या मधोमध खड्डा खणला. लांबोडका. गवंडीकाकांनी हाक मारली, "ये रे, उतर आत."

"मला कशाला? इथेच पुरायला सांगितलंय का?"

"उतर म्हणतो ना. हात वर कर. असे नाही, काम करतोस तसे. कोपरात वाकव."

ते वरून पट्टी धरून बघत होते. "अजून वीतभर खोल लागेल. वडिलांनी बजावलंय तुझ्या, पोराचे कोपर वाकले पाहिजेत. हात ताठ राहिले तर दिवसभरात खांदे भरून येतात."

मी खड्ड्यात. हात वर.

"दिवसभरात कसले खांदे?" मी विचारलं.

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मीच वेडा. "गाड्यांखाली उभा राहून काम नाही का करणार? गॅरेज कुणाचं आहे मग?"

मातीचा वास येत होता. एक गांडूळ भिंतीतून अर्धं बाहेर आलं होतं.

बाबा गाडी पुसत होते. मी गेलो तो भांडायलाच गेलो. दुसरं येतंच कुठे मला. "मला सांगायला काय झालं होतं?"

"पहिल्या दिवसापासून सांगतोय. गॅरेज."

"मला वाटलं, हिच्यासाठी!"

"हिला कशाला? ही बाहेरच राहील. छप्पर करू नंतर, तू सांगितलंस तसं. वारा खेळता राहतो." फडकं पिळलं. "कॉलेज सोडून आलास त्या दिवशी तूच ओरडला होतास. नको मला पदवी, गॅरेज टाकीन."

"रागात बोललो असेन."

"तू रागातच खरं बोलतोस," बाबा म्हणाले आणि हेडलाइट पुसायला लागले.

बाबांना सलग एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं नाही. राग आला. त्यांचा, सरांचा, त्या गांडुळाचा, माझा. एक वाक्य जास्त बोलले असते तर माझं नख वाचलं असतं, त्यांच्या विटा वाचल्या असत्या. खड्ड्यात परत उतरलो आणि कुदळ मारत बसलो. वीतभर.

२६ जानेवारी, रविवार

खिडकी बुजली. शेवटचा थर मीच लावला, गवंडीकाकांनी तो एकदा पाडून परत लावायला लावला. खोलीत दिवसा दिवा जळतोय.

बाबांनी आज मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा काढलं आणि सिमेंटच्या पोत्यांवर घातलं. आई जाऊन मागे बसली. "सवतीच्या मांडीवर बसलेय," म्हणाली, "उठवू नका."

हात तीनदा धुतले. नखांतलं सिमेंट निघत नाही. राहू दे. कुणी विचारलं काय करतोस, तर हेच दाखवता येईल.

त्यांच्या दाराला बेल आहे.

निघालो. हे दार बाहेरून ओढून घेतो.