ग्लोबचा गोलकीपर आणि आनंदरावांचा नारळ

नौपाडा, ठाणे
मंगळवार, २९ सप्टेंबर १९५३

तीर्थरूप मामांना,

प्रभाकरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताला अजून पट्टी आहे, पण नमस्कारापुरता जोडला.) मामींचा गुडघा कसा आहे? आईने सांगितलेलं निर्गुडीचं तेल चोळताय ना? साताऱ्याची हवा आता छान झाली असेल. माझं मागचं पत्र तुम्ही लाल पेन्सिलीने चौतीस चुका काढून परत पाठवलंत ते पोचलं. मी इंग्रजी शाळेत शिकलो ही चूक माझी नाही, बाबांची आहे, आणि त्यांना तुम्ही लाल पेन्सिल लावू शकत नाही, म्हणून सगळं माझ्यावर येतं. तरी एक विनंती आहे. हे पत्र आधी शेवटपर्यंत वाचा, पाणी प्या आणि मगच पेन्सिल हातात घ्या.

तुम्ही म्हणता की फुटबॉल हा लाथा मारायचा खेळ, खरा खेळ हुतूतू. पण मामा, लाथा मारणारे दहाच असतात. अकरावा बिचारा नुसता उभा असतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खातो. नौपाडा यंग मेन्स क्लबात तो अकरावा मी आहे. (यंग मेन्स हे नुसतं नाव. आमचे अध्यक्ष आनंदराव बावन्न वर्षांचे आहेत आणि लेफ्ट बॅक भिवाला तीन मुलं आहेत.) मला खरं तर क्लबात घेतलेलं ते असोसिएशनला इंग्रजीत पत्रं लिहायला. पण आमच्या आधीच्या गोलकीपरची बदली जळगावला झाली आणि आनंदराव म्हणाले, प्रभाकर उंच आहे, उभा राहील. मी उभा राहिलो. गणपतीतल्या रविवारी कल्याणच्या ग्लोब स्पोर्टिंगने आमच्यावर सात गोल केले. सातव्या गोलाला मी बॉल अडवला, पण बॉलसकट मीच आत गेलो. तुमची शालूताई गौरी-गणपतीला आमच्याकडे आलेली, तीही मैदानाच्या कडेला उभी होती, म्हणजे हे सगळं तुम्हाला घरबसल्या कळलंच असेल. त्या दिवसापासून मी नौपाड्यात कुठेही गेलो की लोक वाण्याच्या दुकानातसुद्धा म्हणतात, या सातवे! परवा न्हाव्याने विचारलं, "साहेब, केस तरी अडवणार का जाऊ देऊ?"

आता हा ग्लोब क्लब. नाव जगाचं आणि मजल ठाण्यापर्यंत. पण टीम लई जबरदस्त होती. होती म्हणतो, कारण त्या मॅचनंतर लगेच त्यांच्यावर संकट आलं. त्यांचे आश्रयदाते एक भातगिरणीवाले शेट होते. ग्लोबने त्यांच्या भाच्याला सेंटर फॉरवर्ड खेळवलं नाही म्हणून शेट रुसले आणि देत होते तो पैसा बंद केला. भिवाची सासुरवाडी कल्याणची, त्यामुळे रोज नवीन बातमी. स्टेशनजवळच्या हॉटेलात आम्ही पाच जण एका चहात दोन दोन घोट घेत ती बातमी चघळायचो. एके दिवशी कळलं, ग्लोबचा बॉल चांभाराकडे अडकलाय, शिलाईचे पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी, हाफ टाइमला अकरा जणांत एकच लिंबू. आणि मग भिवा पळत आला, धापा टाकत: "अरे, शर्ट! ग्लोबचे अकराच्या अकरा शर्ट धोब्याने ठेवून घेतले! चार महिन्यांची धुलाई थकलीय!" मामा, खोटं कशाला बोलू, आम्ही टेबलं वाजवली. आनंदरावांनी स्वतःच्या पैशाने अख्खे पाच चहा मागवले. दुसऱ्याचं घर जळताना शेकून घेऊ नये असं तुम्ही शिकवलंय, ते मला त्या वेळी आठवलं होतं, पण चहा आला आणि विसरलो.

लगेच ट्रान्सफरच्या गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणाला त्यांचा राइट आउट आणा, एक म्हणाला सेंटर हाफ. मी टेबलावर मूठ मारली (तीच पट्टीवाली) आणि म्हणालो, गोलकीपर आणा. सहदेवला आणा! मामा, हा सहदेव म्हणजे काय चीज आहे तुम्हाला सांगतो. सव्वीस वर्षांचा, रेल्वेत नोकरीला, पर्मनंट, हाताचे पंजे पुरणपोळीच्या तव्याएवढे. अख्ख्या सीझनमध्ये त्याने तीन गोल खाल्लेत. आणि स्वभाव असा की माझ्यावर सातवा गोल झाला तेव्हा सगळं मैदान हसत होतं, पण तो पलीकडच्या टोकाहून चालत आला आणि माझ्या हाताला रुमाल बांधून गेला. आमच्या दसरा शील्डच्या स्पर्धेसाठी खेळाडूंची नावं दहा ऑक्टोबरपर्यंत द्यायची आहेत. तोपर्यंत सहदेवच्या ट्रान्सफर फॉर्मवर ग्लोबच्या सेक्रेटरीची सही आली तर तो आमचा. नाही आली तर परत मी. आनंदरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "प्रभाकर, तुझी जागा घेणारा तूच आण. नाहीतर शील्डलाही तूच उभा राहा, आणि या वेळी मी मोजायलासुद्धा येणार नाही."

म्हणून परवा रविवारी मी आणि आनंदराव कल्याणला गेलो. आनंदराव जुन्या वळणाचे. म्हणाले, कोणाच्या घरातला मुलगा मागायचा तर रिकाम्या हाताने जायचं नाही. त्यांनी पावशेर पेढे घेतले आणि एक शेंडीवाला नारळ. इकडे आईने मी निघताना फॉर्मच्या चारी कोपऱ्यांना कुंकू लावून दिलं. (माझ्या मॅट्रिकच्या फॉर्मला पण लावलेलं, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही.) आता तुम्हीच बघा मामा, दोन माणसं, एक फेटेवाला वयस्कर, एक इस्त्रीच्या कपड्यातला तरणा, हातात नारळ, पेढे आणि कुंकू लावलेला कागद. दार सहदेवच्या आईने उघडलं, कमळाबाईंनी. त्यांनी नारळाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत वळून म्हणाल्या, "भावजी, ऐकलंत का, सहदेवसाठी स्थळ आलंय."

मी तोंड उघडलं होतं. आईशप्पथ, खरं सांगायलाच उघडलं होतं. पण आतून जे भावजी बाहेर आले ते पंढरीकाका, ग्लोब स्पोर्टिंगचे सेक्रेटरी! सहदेव त्यांचा सख्खा पुतण्या, हे भिवाने आम्हाला सांगितलंच नव्हतं. (भिवा म्हणतो, तुम्ही विचारलं नाहीत.) आता त्या माणसाच्या ओटीवर बसून, शर्ट धोब्याकडे असताना, आम्ही तुमचा गोलकीपर पळवायला आलोय असं कसं म्हणणार? आनंदरावांनी माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाले, "हो हो, स्थळच."

आम्हाला पाटावर बसवलं. आणि इथे आमची खरी चूक बाहेर आली. कमळाबाई पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाल्या, "पण पाहुणं, पितृपक्षात?" मामा, मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या शाळेत ख्रिसमसची सुट्टी केव्हा लागते ते पाठ होतं, पण पितृपक्ष कोणी शिकवला नाही. आनंदरावांना माहीत होतं, पण ते फुटबॉलसाठी निघालेले, त्यांना काय त्याचं. कमळाबाईंचा चेहरा बदलला. पितृपक्षात नारळ घेऊन येतात म्हणजे घाई दिसते, एवढी घाई म्हणजे मुलीत काहीतरी खोट असणार. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. पाय अधू आहे का? नाही. तिरळी आहे का? नाही. आधी कुठे मोडलंय का? वय लपवताय का? आनंदराव नुसते पेढ्याचा पुडा सोडत आणि बांधत होते.

आणि मला राग आला. कोणती मुलगी तेच माहीत नव्हतं, तरी तिचा अपमान मला सहन होईना. मी एकदम बोलत सुटलो. म्हणालो, मुलगी लाखात एक आहे. सातवीपर्यंत पहिला नंबर, अक्षर मोत्यासारखं, भाकरी कागदासारखी पातळ. वडील शिक्षक, अशी शिस्त की भाच्याच्या पत्रातसुद्धा चौतीस चुका काढतात. घर साताऱ्याला, पण आत्या ठाण्यात. पंढरीकाकांनी देवक विचारलं, मी सांगितलं, त्यांचं वेगळं निघालं. (बघा, हे मी बरोबर विचारून घेतलं.) मुलीचं नाव एवढ्यात मला विचारू नका मामा. मी तोंडाला येईल ते बोलत होतो.

कमळाबाई जरा निवळल्या. "सहदेवा, बाहेर ये रे." तो आला, दाराच्या चौकटीत वाकून, आणि मला बघून त्याच्या मिशीत हसू आलं. ओळखलंच त्याने. आनंदराव घाबरून नमस्कार करायला उठले, आणि मांडीवर नारळ आहे हे विसरले. नारळ सुटला. शेंडी वर करून फरशीकडे निघाला. कमळाबाई "अगंबाई!" म्हणून ओरडल्या. मामा, काय सांगू! सहदेव चौकटीतून आडवा झाला, अख्खा आडवा, जमिनीला समांतर, आणि फरशीपासून दोन बोटांवर त्याने नारळ एका पंजात झेलला. मी उभा राहून ओरडलो, "सेव्ह!" आनंदरावांनी टाळ्या वाजवल्या. पंढरीकाकासुद्धा "वा पठ्ठे" म्हणून गेले.

सहदेव पोटावर पडलेला, हातात नारळ. आणि कमळाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "घेतला. वडीलधाऱ्यांसमोर त्याने पाहुण्यांचा नारळ घेतला. खाली पडला असता तर मी दाराबाहेर काढलं असतं तुम्हाला, पण पडू दिला नाही त्याने. पितृपक्ष का असेना, देवाच्या मनात आहे." आणि त्यांनी आमच्याच पुड्यातला पेढा आमच्या तोंडात घातला. तोंडात पेढा असताना माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मला परवा कळलं.

काल सहदेव ड्यूटी संपवून स्वतः नौपाड्यात आला. मी पाया पडायच्या बेतात होतो. तो म्हणाला, "घाबरू नका, काकांना मी सगळं सांगितलं. फॉर्मचं पण." काका आधी तापले, मग म्हणाले, आपला क्लब काही शील्डला उतरत नाही. बॉल नाही, शर्ट नाहीत. निदान पोरगं तरी खेळू दे. पण परक्यांना दिला असं नको, पाहुण्यांकडे गेला म्हणून सही करतो. आणि एक अट आहे, धोब्याकडचे शर्ट सोडवून द्या. क्लब बुडाला तरी अकरा शर्ट घडी घालून माझ्या कपाटात पाहिजेत. हे सगळं सहदेव आम्हाला स्टेशनजवळच्या त्याच हॉटेलात सांगत होता. मामा, जे टेबल आम्ही वाजवलेलं त्याच टेबलाशी तो बसलेला, आणि भिवासुद्धा खाली मान घालून चहात बघत होता.

शर्ट आज सकाळी सुटले. त्यासाठी आम्ही आमच्या गोलाची जाळी चेंदणीच्या एका कोळ्याला विकली. (तो म्हणाला, एवढाल्या भोकांत मासा राहणार नाही, अर्ध्या किमतीला द्या. मी म्हणालो, बॉलसुद्धा राहत नव्हता.) मी स्वतः शर्ट नेऊन दिले. पंढरीकाकांनी एकेक मोजून घेतला, आणि बटणं पण.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, शालूताईला आठवण. अभ्यास चालू आहे असं बाबांना वाटतं.

तुमचा भाचा,
प्रभाकर

ता. क. – पंढरीकाकांनी फॉर्मवर सही केलीय, पण फॉर्म त्यांच्या खिशात आहे. घटस्थापनेला, म्हणजे नऊ तारखेला शुक्रवारी, आपण मुलीची पत्रिका त्यांच्या हातात द्यायची आणि फॉर्म घ्यायचा. दहाला नावं बंद. तरी मामा, शालूताईची पत्रिका उलट टपाली पाठवावी. (आता पाणी प्या.)

ता. क. २ – तुम्ही स्वतः आलात तर फारच उत्तम. मुलगा खरंच सोन्यासारखा आहे, हे मी गोलकीपर म्हणून सांगत नाही. म्हणजे, फक्त गोलकीपर म्हणून सांगत नाही. पत्रिका जुळत नसेल तर मात्र ते शील्ड संपल्यावर सांगावं.

ता. क. ३ – शालूताईला यातलं काहीच ठाऊक नाही, तेव्हा तिला जरा सांभाळून सांगा, एकदम ऐकून रडेल बिचारी. बाकी तिला आता फुटबॉलची चांगलीच गोडी लागलीय. गणपतीनंतर तिची मला तीन पत्रं आली, आणि मी तिला सगळे नियम आकृत्या काढून लिहून पाठवले. पण ऑफसाइड तिच्या डोक्यात शिरलेलं दिसत नाही. दर पत्रात एवढंच विचारते, की समोरच्या टीमचा तो रुमाल बांधणारा गोलकीपर परत ठाण्याला केव्हा येणार आहे.