शिक्क्यावरची दुसरी खूण

सोमवार, ४ मार्च

लागली बाई एकदाची नोकरी! ग्रंथालय बंद पडल्यापासून घरात बसून वहिनीचं डोकं खात होते, आता सरकारचं खाईन. दादाने शब्द टाकला म्हणून झालं. पाट्या, चषक, शिक्के कोरण्याचं त्याचं दुकान, आणि तपास कचेरीचे सगळे शिक्के त्याच्याच हातचे. त्यामुळे मोठ्या साहेबांशी त्याची चांगली ओळख आहे.

माझी जागा मुद्देमालाच्या खोलीत. तळघर, खिडकी नाही, लोखंडी मांडण्या. त्यांवर जप्त केलेले फोन, लॅपटॉप, डिस्क, प्रत्येक वस्तू कापडी पाकिटात शिवलेली, दोऱ्याच्या गाठीवर लाल लाख आणि लाखेवर शिक्का. माझ्या आधीच्या बाई अचानक सोडून गेल्या म्हणे. खुर्चीवर त्यांची उशी आणि खणात सर्दीच्या गोळ्या तशाच आहेत. का गेल्या हे विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

इथला एक नियम मला फार आवडला. खोलीची किल्ली साहेबांकडे आणि पितळी शिक्का माझ्याकडे. शिक्का रोज मी माझ्याबरोबर घरी न्यायचा. म्हणजे ज्याला खोली उघडता येते त्याला पुन्हा लाख लावता येत नाही, आणि जिला लाख लावता येते तिला खोली उघडता येत नाही. शिक्का गोफात ओवून गळ्यात घातला. दादा म्हणाला, घंटा बांधायला मांजर मिळालं शेवटी! मी त्याला विचारलं की असा दुसरा शिक्का होईल का. त्यावर स्वारी फुशारली. म्हणाला, दोन ठसे शेजारी ठेवले तर खरा कुठला ते मलाही सांगता येणार नाही, असं काम हवं. वहिनी हसली नाही, भाजी चिरत राहिली.

गुरुवार, ७ मार्च

सगळ्या कचेरीचा जीव एकाच पाकिटात अडकलाय. शाळेतल्या एका मास्तरांचा लॅपटॉप. मोर्चे काढायचे, सरकारला जाहीर प्रश्न विचारायचे. आता कटाच्या आरोपाखाली आत आहेत. लॅपटॉपमध्ये कटाचं पत्र आहे असं वर्तमानपत्रं छातीठोकपणे लिहितात. पाकीट अजून उघडलंच नाही, मग यांना आतलं कसं दिसलं, देव जाणे.

संगणकाचं बघणाऱ्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. त्याने मला नीट समजावून सांगितलं. डिस्कमधल्या सगळ्या मजकुराचा मिळून एक लांबलचक आकडा निघतो. आत एक स्वल्पविराम हलला तरी आकडा बदलतो. तो जप्तीच्या दिवशीच काढून ठेवायला हवा होता, पण काढला नाही. आता वीस तारखेला कोर्टात सील फोडून काढणार. तोवर आत काही घुसडलं की नाही हे सांगणारी एकच गोष्ट, ती लाख. त्या दिवशी सील शाबूत होतं अशी साक्ष मी द्यायची. झालं, आल्या आल्या घोड्यावर बसवलं मला!

फाटकापाशी मास्तरांची बहीण रोज उभी असते. हातात भावाच्या चष्म्याचा डबा, तुरुंगात कोणी घेत नाही म्हणून. आज तिने मला गाठलं. म्हणाली, त्यात मुलांच्या चाचण्यांशिवाय काही नाही हो ताई, तेवढं कुणाला हात लावू देऊ नका. मलाही एकच भाऊ आहे. आईवडील गेल्यावर त्यानेच मला लहानाचं मोठं केलं. घरी येऊन हे सगळं सांगितलं तर दादा ताटावरून उठला.

मंगळवार, १२ मार्च

कुठेतरी पाणी मुरतंय. सकाळी साहेबांनी खोली उघडली आणि माझ्या नाकाला वास आला. जळकी लाख. मांडणीवरच्या सगळ्या पाकिटांची लाख मंद, धुळकट झालेली, आणि मास्तरांच्या पाकिटाची तेवढी चकचकीत, नुकती जन्मल्यासारखी. साहेबांना दाखवलं. ते हसले, म्हणाले, तळघरात दमटपणा असतो, बाईमाणसाने इतका विचार करू नये. दमटपणाने लाख चकाकते हे मला नव्यानेच कळलं.

शिक्का तर माझ्या गळ्यात होता. झोपताना उशाखाली असतो. मग? झोपेत कोणी काढून नेला? घरात आम्ही तिघंच.

आज मी एक केलंय. नखं घासायच्या कानशीने शिक्क्याच्या कडेला, ठशात वरच्या चांदणीच्या डावीकडे उमटेल अशी बारीकशी खाच पाडली आहे. कोणाला सांगितलेलं नाही. आता बघू कोण माझा शिक्का वापरतो ते.

शुक्रवार, १५ मार्च

खाच आहे.

मास्तरांच्या पाकिटाच्या लाखेवर, चांदणीच्या डावीकडे. ज्या लाखेला महिने झाले म्हणतात तिच्यावर मी मंगळवारी पाडलेली खाच! चष्मेवाल्याला बोलावलं. त्याने भिंग लावून पाहिलं, माझा शिक्का पाहिला, म्हणाला, जुळतंय की. मी म्हटलं, जुळतंय हीच तर भानगड आहे. त्याने भिंग खिशात टाकलं, आणि जाता जाता दार ओढून घेत एवढंच म्हणाला की आधीच्या बाईही अशाच बघत बसायच्या.

संध्याकाळी दादाने मायेने विचारलं, कामावर बरं चाललंय ना? मी हो म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गळ्यातल्या गोफाकडे पाहत होता.

सोमवार, १८ मार्च

आता खरं लिहिते. वही पिशवीत घालून बरोबर फिरवते, घरात ठेवत नाही. मला काही झालं तर कुणाच्या तरी हाती लागावी.

अकरा तारखेला वही उघडली तेव्हा पानांच्या बेचक्यात पिवळी चकाकती भुकटी होती. पितळेचा कीस. तेव्हा ते इथे लिहिलं नाही, कारण वही कोणीतरी वाचतंय हे तेव्हाच कळलं. म्हणून मंगळवारी मी एक नाही, दोन खाचा पाडल्या. एकाच बैठकीत. लिहिली मात्र एकच.

लाखेवर एकच आहे.

म्हणजे माझा शिक्का कोणी नेलाच नाही. दुसरा शिक्का आहे. वहीत वाचून त्याच्यावर खाच कोरली, आणि पुन्हा पाकीट फोडून लाख लावली. कशाला? जुनी लाख ठेवली असती तर एवढं उघडं पडलं नसतं. पण दोन ठसे शेजारी ठेवले तर सारखे दिसायला हवेत ना. तसं काम हवं ना.

दादा. माझा दादा.

मला नोकरी का मिळाली तेही कळलं. घरातली बाई बरी, तिची वहीसुद्धा घरातच.

परवा कोर्टात शिक्का दाखवला की मास्तर सुटतील. आणि दादा आत जाईल. ज्याने माझी वेणी घातली, शाळेत सोडलं, त्याला मी — पण फाटकावरच्या त्या बाईला काय सांगू?

उद्या तिलाच सगळं सांगते. तोंडी.

मंगळवार, १९ मार्च

ती फाटकाशी नव्हती. चष्म्याचा डबा तेवढा कठड्यावर पडलेला. शिपाई म्हणाला, कोण बाई?

घरी आले, तोंड धुवायला गेले तेवढी पिशवी बाहेर राहिली. तेवढीच.

पुढचं पान भरलंय. उद्याची तारीख. माझं अक्षर — माझा शेपटीवाला ळ, माझी ओढून केलेली सही. लिहिलंय: मास्तरांचं पाकीट मीच फोडलं, पैशाचा मोह झाला, कोर्टात उभं राहायचं तोंड उरलं नाही म्हणून जाते आहे. दादाला यातलं काहीही माहीत नाही.

मी नाही लिहिलं. उद्याचं पान माझं नाही — वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावं — सह्यांचे शिक्के करतो तो, कुणाचंही अक्षर —

बाहेरून दादा हाक मारतोय. चिमे म्हणून. लहानपणी म्हणायचा तसं. चहा झालाय म्हणे, दार उघड. वहिनी रडतेय.

दुसरी खाच कुठे ते लिहिलं तर तो कोरणार. नाही लिहिलं तर कोणालाच कधी —

साहेबांचाही आवाज — दादा म्हणतोय शिक्का दे, फक्त शिक्का दे, चिमे, मी तुला काही होऊ —

कडी हलतेय

कोर्टात नेऊन दाखवा — दोन आहेत — दुसरी शिक्क्याच्या