रुंद टायर

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ

गाडी वळवली की पुढचा टायर आत घासतो. खर्रर्र.

सकाळी टायरच्या दुकानात माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गाडीचं दार उघडून आतला स्टिकर दाखवला होता. "आठे लिखेल शे तोच साईज ले, भाऊ." उधन्याच्या कापडगिरणीत तीस वर्षं लूमचे फिटर होते ते, सुताचाही फरक चालवून घेत नसत. पण मला रुंद टायर हवे होते, छोटी गाडी जरा भारी दिसावी म्हणून. मी म्हणालो, "अण्णा, आपको इसमें क्या समझता है?"

घरात अण्णा आणि मी अहिराणीच बोलतो. मग हिंदीत का बोललो? दुकानदाराला कळावं म्हणूनच ना? तो हसला. अण्णा बाकावर जाऊन बसले.

दुपारी सगळे फिरायला निघालो. पहिल्याच वळणावर खर्रर्र. बायकोने विचारलं, "कसला आवाज येतोय?" मागून अण्णाच म्हणाले, "रस्ता खराब शे, पोरी." रस्ता नवा कोरा होता. त्यानंतर वळण आलं की अण्णा मोठ्याने खोकायचे. प्रत्येक वळणावर, घरी येईपर्यंत.

आता घसा बसलाय त्यांचा. बायको हळदीचं दूध करतेय, थंडी बाधली असेल म्हणते. पेला मीच नेऊन देतो अण्णांना.