पिशवी ठेवायची की काढायची

३ नोव्हेंबर १९९६
कंपनीत खोकी उचलताना आज परत अंग बाहेर आलं. संडासात जाऊन हाताने आत ढकललं नि परत लाइनीवर उभी राहिले. मुकादम म्हणतो — सारखी सारखी काय जातेस गं? सांगू काय त्याला!

१० नोव्हेंबर
उल्हासनगरच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. हेपण आले. दोन ऑपरेशनं आहेत, दोन्ही दुर्बिणीची. पोटाला छोटी भोकं पाडायची. एकात गर्भपिशवी जाळीच्या पट्टीने वर ओढून हाडाला शिवतात. दुसऱ्यात पिशवी काढूनच टाकतात, नि सैल झालेलं शिवतात.

हे लगेच म्हणाले, ठेवा! मॅडम म्हणाल्या, "और बच्चा हुआ तो सब फिर ढीला." हे म्हणाले, "नहीं नहीं, तीन लडकियाँ बस हैं."

मला वाटलं, जीव आहे माझ्यावर. रिक्षात मला ऐसपैस जागा देऊन स्वतः कडेला बसले. लग्नानंतर पहिल्यांदा!

१७ नोव्हेंबर
उद्या भरती. सासूबाईंनी माझी ओटी भरली. ऑपरेशनला निघालेल्या बाईची ओटी? खण, तांदूळ, नारळ, नि वर — "आई एकवीरे, पुढचे साली माजे हऱ्याचा पालना हलू दे!"

हऱ्या म्हणजे हे. तिथेच उभे. मी विचारलं, तुम्हालापण हेच पाहिजे? मान खाली घातली.

फसवलं मला मेल्याने! मला धड उभं राहता यावं म्हणून नाही, मुलगा हवा म्हणून शिवायचं होतं. धाकट्या चिमीच्या वेळी बाळंतपणात पाचव्या दिवशी हंडे उचलायला लावले, तेव्हाच तर अंग उतरलं. तेव्हा कुठे होते हे?

ओटीचा नारळ फोडला. पोरींना गुळाबरोबर खायला दिला. सासूबाई बघतच राहिल्या.

१८ नोव्हेंबर
मॅडमना एकटीने सांगितलं — काढा. त्या म्हणाल्या, "घरवालों में से किसी की साइन चाहिए." ह्यांची मिळणार नाही. रडून रडून डोकं दुखतंय.

२१ नोव्हेंबर
पिशवी काढली. ह्यांना अजून माहीत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी हे ड्युटीवर होते. सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. वाटलं, थोबाडीत मारतील. त्यांनी कागदावर अंगठा उठवला, शाई पदराला पुसली.

"माजं पन भायेर येतं गो," म्हणाल्या. "हऱ्याचे बालंतपनापासून."